पटावर चाळीस

२ नोव्हेंबर, सोमवार. सकाळ.

आज जाग आली ती एका जुन्या आवाजाने. "बसा" म्हटलं की वर्गातली चाळीस मुलं एकदम बसायची आणि तिसऱ्या बाकाचा सैल पाय अर्धी मात्रा उशिरा टक्क करायचा. चौतीस वर्षं तो पाय दुरुस्त करून घेईन म्हणत होतो. घेतला नाही तेच बरं झालं. कितीतरी मुलांचे चेहरे विसरलो, तो टक्क तेवढा राहिला.

थोडा वेळ पडून राहिलो. पलंगावर दुसरी उशी अजून आहे. हिला जाऊन तीन वर्षं झाली. उशी काढून ठेवायची राहून गेलीय. कपाटात जागा नाही.

संकल्प: निवृत्त मास्तराने छताकडे बघत पडून राहू नये. आजपासून इंटरनेटवर कवितेचा वर्ग. नाव "पाठांतर वर्ग". जुनी मुलं जगभर पांगली आहेत, हाक मारायचीच काय ती खोटी.

वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या संगणक-वर्गात शिकवलं होतं की एका साइटवर फॉर्म भरायचा, नाव, रंग, उद्देश सांगायचा आणि यंत्र आपोआप अख्खं वेब अॅप तयार करून देतं. भरला. चहाला उकळी येईपर्यंत एकशे बारा फाइली तयार. त्यातल्या एकीत सगळ्या सेटिंग असतात, तिला कॉन्फिग फाइल म्हणतात. ती आपल्या मापाची करून घेतली की झालं. तयार सदरा आणून बटणं हलवण्यासारखं. चार दिवसांचं काम.

दुपार.

लेकीचा फोन. त्यांच्याकडची मागची खोली महिनाअखेर रिकामी होतेय, बाबा आता इकडेच या, असं म्हणाली. मी येणार नसेन तर इस्पितळातली एक नर्स त्या खोलीसाठी विचारतेय, म्हणून तीस तारखेच्या आत काय ते सांगायचं. विचार करतो म्हणालो.

केला. बसने दोन तास. लेक आणि जावई दिवसभर कामावर. घरात उरणार मी आणि व्याही. व्याही मोजणी खात्यातून निवृत्त झालेले. अठरा वर्षांत आमचं जे बोलणं झालं ते एका पोस्टकार्डावर मावेल, पत्त्यासकट. एकदा माझी कविता ऐकून त्यांनी एवढंच विचारलं होतं, "किती ओळी झाल्या?"

नाही जमायचं. शिवाय आता वर्ग आहे.

४ नोव्हेंबर, बुधवार.

कॉन्फिग फाइल उघडली. पहिल्याच ओळीत बजावलं आहे: ही फाइल आपोआप तयार झाली आहे, हाताने बदल करू नयेत. गृहपाठाच्या वहीवरही पहिल्या पानावर सूचना छापलेल्या असतात. कोण पाळतं?

खाली एकाखाली एक ओळी. नाव, भाषा, रंग, स्वागताचा मजकूर. पण मांडणी फार गद्य. काही ओळी आत सरकलेल्या, काही बाहेर, कशालाच धरबंध नाही. मी सगळं नीट केलं. प्रत्येक दुसरी ओळ दोन अक्षरं आत, कवितेत असते तशी. चार ओळींनंतर एक मोकळी जागा. कडेला माझी टिपणंही घातली: "येथे श्वास घ्यावा", "हा रंग जरा उदास वाटतो".

फार सुरेख दिसत होतं. अॅप मात्र सुरूच होईना. पांढरा पडदा आणि तांबड्या अक्षरांत ओळ क्रमांक नऊ.

यंत्राला वृत्ताचं ज्ञान नाही.

५ नोव्हेंबर, गुरुवार.

कोपऱ्यावर संगणक दुरुस्तीचं दुकान आहे, ते एक बाई चालवतात. लॅपटॉप घेऊन गेलो. दुकानवालीने फाइल बघितली, मग माझ्याकडे बघितलं. सर, इथे ओळीच्या आधीच्या रिकाम्या जागेलासुद्धा अर्थ असतो म्हणाली. मी म्हणालो, कवितेतही असतो. आपली टिपणं लिहायची तर आधी # ही खूण करायची, म्हणजे यंत्र तेवढी ओळ सोडून देतं, हेही सांगितलं. आणि जे कळत नाही त्याला हात लावू नका.

घरी येऊन, काय काय कळत नाही त्याची यादी करायला बसलो. दुसऱ्या पानावर गेली तेव्हा सोडून दिली.

७ नोव्हेंबर, शनिवार.

रंग खरंच उदास होता. बदलायला म्हणून मूळ फॉर्म पुन्हा भरला. यंत्राने तत्परतेने पुन्हा एकशे बारा फाइली तयार केल्या आणि जुन्यांच्या जागी ठेवून दिल्या. माझे तीन दिवसांचे बदल साफ. मधल्या सुटीतून परत यावं आणि कुणीतरी फळा पुसून ठेवलेला असावा, तसं झालं. पहिल्या ओळीत हेच सांगितलं होतं म्हणे. तर मग जरा नीट सांगायचं.

संकल्प: यापुढे प्रत्येक बदल आधी वहीत, शाईने, मग फाइलीत. यंत्र वही पुसू शकत नाही.

पाच दिवस झाले. सदस्य शून्य. लोक सुटीच्या दिवशी साइट बघत नसावेत. एरवी कामात असतात.

९ नोव्हेंबर, सोमवार.

सापडलं! दोष लोकांचा नव्हताच. फाइलीच्या तळाशी ओळ आहे, सदस्यसंख्या, आणि तिच्यापुढे शून्य. वर्गाची मर्यादाच शून्य ठेवल्यावर आत येणार कोण? बिचारी दारातून परत गेली असतील.

शून्य खोडून चाळीस केले. माझा पट नेहमी चाळीसचाच असायचा.

त्या ओळीच्या वर दोन ओळी इंग्रजीत, # खुणेच्या, बारीक अक्षरांत आहेत. यंत्र सोडून देतं, मीही सोडल्या. चष्म्याचा नंबर बदलायला झालाय. सावकाश वाचू.

त्याच्या खालीच प्रतिक्रियांची पाच इंग्रजी वाक्यं होती, अगदी कोरडी. लाजऱ्या मुलांना लिहायला सोपं जावं म्हणून तयार देत असणार. ती काढून मराठी घातली. सर, डोळे पाणावले. शाळेची आठवण झाली. पुन्हा एकदा म्हणा ना. ही ओळ मनात घर करून राहिली. आम्ही आहोत, सर.

शेवटचं लिहिताना थोडा थांबलो होतो. पण राहू दिलं.

१० नोव्हेंबर, मंगळवार. सकाळी सव्वासहा.

चाळीस!

एका दिवसात पट भरला. एक कमी नाही, एक जास्त नाही. मर्यादा पाळायची सवय अशी लागते, माझ्याच हाताखालून गेलेली मुलं. नावं कुणीच दिलेली नाहीत. सदस्य १, सदस्य २, असं सदस्य ४० पर्यंत. हजेरी क्रमांक! हल्लीच्या जगात इतका विनय कुठे बघायला मिळतो? फोटोच्या जागी सगळ्यांचं करड्या रंगाचं डोकं. वयं झाली असतील.

कालच माझी नवी कविता लावली होती. "पाटी फुटली, अक्षर उरले, खडू संपला, हात पांढरे." खाली चाळीस प्रतिक्रिया. आठ जणांचे डोळे पाणावले. अकरा जण म्हणतात, आम्ही आहोत, सर.

चहा गार झाला. दुसरा केला नाही.

१२ नोव्हेंबर, गुरुवार.

रोज सकाळी हजेरी घेतो. गैरहजर कुणी नाही. सगळे बरोबर सहाच्या ठोक्याला लिहितात, एक मिनिट इकडे नाही की तिकडे. शिस्त.

स्वभाव हळूहळू कळू लागलेत. तेवीस नंबर फार हळवा, तीन दिवसांत तीनदा डोळे पाणावले. सतरा नंबर मागच्या बाकावरचा. कवितेऐवजी मी काल चुकून वाण्याची यादी लावली, साबण, काडेपेटी, तांदूळ, तर त्याखाली हा लिहितो, ही ओळ मनात घर करून राहिली. खट्याळ आहे. पण असा एक वर्गात हवाच.

१५ नोव्हेंबर, रविवार.

लेकीचा फोन. खोलीचं काय ठरवलंत म्हणून विचारत होती. मी सांगितलं, बाई, माझ्यावर चाळीस जण अवलंबून आहेत, असं उठून कसं येता येईल? कोण चाळीस, असं विचारलंन. मी तेवीस नंबरच्या डोळ्यांबद्दल सांगितलं, सतरा नंबरची गंमत सांगितली. मग, जेवलात का, म्हणाली.

दुपारचे चार वाजले होते. जेवलो नव्हतो, पण ते वेगळं.

१७ नोव्हेंबर, मंगळवार.

आजचा दिवस वाईट. कीबोर्डाचं "स" अडकतं म्हणून दुकानात गेलो, आणि सहज वर्ग दाखवला. कौतुक होईल अशी अपेक्षा होती. दुकानवालीने खाली-वर करून पाहिलं आणि कॉन्फिग फाइल उघडली. मग खुर्ची माझ्याकडे वळवून अगदी हळू आवाजात बोलली, दवाखान्यात बोलतात तशी. अॅप कसं दिसेल ते बघता यावं म्हणून यंत्र खोटे सदस्य तयार करतं. त्या ओळीत जितका आकडा घालाल तितके. रोज सहाला त्या पाच वाक्यांतलं एकेक उचलून त्यांच्या नावावर टाकतं.

मी विचारलं, मग "डोळे पाणावले" कोण म्हणतं?

"सर, तुम्हीच म्हणताय."

लॅपटॉप उचलून निघालो, कीबोर्डाचं राहूनच गेलं. तिचं वय काय, अनुभव काय. स्क्रू फिरवणाऱ्या माणसाला काव्य कुठून कळणार?

१८ नोव्हेंबर, बुधवार.

तरीही परीक्षा घ्यायला हरकत नाही. मास्तराने भावनेच्या आहारी जाऊ नये. सगळ्यांना विचारलंय, "पाटी फुटली, अक्षर उरले" याची पुढची ओळ सांगा.

१९ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळी सहा वाजून एक मिनिट.

चाळीस उत्तरं. नऊ जण म्हणतात, शाळेची आठवण झाली. बारा जण म्हणतात, पुन्हा एकदा म्हणा ना.

पुढची ओळ एकानेही सांगितली नाही. पण ठोकून दिलेलं उत्तरही एकाचं नाही. येत नाही ते येत नाही, हा प्रामाणिकपणा मीच शिकवला होता.

२० नोव्हेंबर, शुक्रवार.

दुकानवालीने आणखी एक सांगितलं होतं. आकडा एकोणचाळीस करून बघा, एक जण जाईल. हसण्यावारी नेलं होतं. आज दुपारी करायला काही नव्हतं, म्हणून केलं.

चाळीस नंबर गेला.

निरोप नाही, कारण नाही. त्याची जागा रिकामीही दिसत नाही, यादी सरळ एकोणचाळीसला संपते. त्याची आधीची सगळी वाक्यंसुद्धा गेली. परवाच म्हणाला होता, आम्ही आहोत, सर.

घाईघाईने पुन्हा चाळीस केले. आला. पण ओळख दाखवली नाही. पहिल्यांदाच येत असल्यासारखा, करडं डोकं घेऊन गप्प बसलाय.

गावाला गेला असेल. माणसं परगावी जातात, परत येतात, कधीकधी बदलून येतात. मी त्याला काही विचारणार नाही.

२२ नोव्हेंबर, रविवार.

आता एकच मार्ग. प्रत्यक्ष भेट. पुढच्या रविवारी, २९ तारखेला, संध्याकाळी पाच वाजता माझ्या घरी काव्यवाचन. फाइलीतल्या स्वागताच्या ओळीत आमंत्रण घातलं, पत्ता, मजला, दाराचा रंग सगळं लिहून. यावेळी रिकाम्या जागा मोजून दिल्या. अॅप पहिल्या झटक्यात सुरू झालं. शकुन चांगला.

२४ नोव्हेंबर, मंगळवार.

लेकीला कळवून टाकलं. येत नाही, खोली नर्सला दे. फार शांतपणे सांगितलं, आवाज कापला नाही. "बरं," म्हणाली. मग साइटचा पत्ता मागितलान. दिला. आमंत्रण वाच म्हणालो, बापाचं काय चाललंय ते कळेल तुम्हाला सगळ्यांना.

फोन ठेवल्यावर उगाच घरभर फिरलो. दोन खोल्यांत फिरून किती फिरणार? हिच्या उशीचा अभ्रा बदलला.

निर्णय योग्यच आहे. मी गेलो असतो तर चाळीस जणांनी कुणाकडे बघायचं?

२६ नोव्हेंबर, गुरुवार.

खुर्च्यांची सोय. इमारतीच्या सभेच्या खोलीत घडीच्या बारा खुर्च्या आहेत. रखवालदार म्हणाला, आजोबा, घरात काही कार्य आहे का? चाळीस माणसं येणार म्हणालो. त्याने माझ्या दाराकडे पाहिलं, मग मजल्याकडे, मग बाराच्या बारा वर आणून दिल्या. अठ्ठावीस जण उभे राहतील किंवा दोन तुकड्यांत बसतील. तरुण आहेत. म्हणजे पन्नाशीचे.

खुर्च्या मांडल्यावर न्हाणीघरात आडवं होऊन जावं लागतं. गर्दी म्हटली की थोडी अडचण व्हायचीच.

२८ नोव्हेंबर, शनिवार.

तालीम. उभा राहून, हात मागे, तोंडपाठ. तिसऱ्या कडव्यात अडलो. समोर बारा खुर्च्या. एकीनेही ओळ सुचवली नाही.

बिस्किटांचे सहा पुडे. पाहुण्यांसाठी म्हणून पुढच्या कपाटावर ठेवलेत, नाहीतर मीच संपवेन.

२९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी तीन.

कोट घातला. खांद्याला थोडा सैल झालाय. कोट वाढत असावेत.

आज सकाळीही चाळीसच्या चाळीस हजर होते. "मी येतो" असं कुणी लिहिलं नाही, कारण ते वाक्य मी दिलेल्या पाचांत नाही. हे आधी सुचायला हवं होतं. माझीच चूक.

४.५५

दार अर्धवट उघडं ठेवलंय. येणाऱ्याला अवघडल्यासारखं वाटायला नको.

५.२०

रविवारी बस कमी असतात.

५.४०

जिन्यावर पावलं. वरच्या मजल्यावरची बाई कुत्र्याला फिरवून आणत होती. कुत्र्याने आत डोकावून पाहिलं. खुर्च्या पाहून त्यालाही काहीतरी वाटलं असावं. थांबलं नाही.

५.५०

वाऱ्याने दार आपटत होतं म्हणून लावून घेतलं.

६.००

लॅपटॉप उघडला. भिंग घेतलं. सदस्यसंख्येच्या वरच्या त्या दोन इंग्रजी ओळी वाचल्या. सोप्या होत्या, सहावीतल्या मुलालाही कळतील. फक्त चाचणीसाठी. खरी माणसं येण्याआधी ही संख्या शून्य करावी.

दोन्ही ओळी आधी वहीत उतरवून घेतल्या, शाईने. मग चाळीस खोडून शून्य केलं. सतरा नंबरसाठी थोडा थांबलो होतो. पण एकट्या सतराला ठेवायची सोय फाइलीत नाही.

आता पानावर एवढंच दिसतं: अजून कोणीही आलेलं नाही.

६.१५

लेकीला फोन केला. खोलीचं थेट विचारलं नाही. मागच्या खिडकीतून संध्याकाळचं ऊन येतं का गं, असं सहज विचारलं. येतं म्हणाली. मग म्हणाली की ती नर्स आज सकाळीच आपली कॉट आणि दोन पेट्या ठेवून गेली, चांगली वाटते बाई. मी म्हणालो, वा, छान. कार्यक्रम कसा झाला, विचारत होती. रंगात आलाय म्हणालो आणि फोन ठेवला.

बिस्किटाचा एक पुडा फोडला.

खुर्च्या उद्या परत द्यायच्या. एकेक घडी करायला घेतली आहे. आठ झाल्या. उरलेल्या

६.५०

उरलेल्या तशाच आहेत. बेल वाजली म्हणून उठलो होतो. रखवालदार असेल, खुर्च्यांसाठी आला असेल, असं समजून दार उघडलं.

दारात व्याही. एकटे. इस्त्रीचा सदरा, केस पाणी लावून बसवलेले, काखेत छत्री. हे गृहस्थ आजवर लेक-जावयाशिवाय माझ्या दारात कधी उभे राहिलेले नाहीत. पाचची वेळ होती ना, पण पहिली बस चुकली आणि दुसरी चुकीची निघाली, असं त्यांनी छत्रीकडे बघत सांगितलं. सुनेने पान उघडून दिलं होतं, आमंत्रण त्यांनी वाचलं होतं.

मग माझ्या खांद्यावरून आत बघत विचारलंन, "बाकीची मंडळी गेली का?"

हो म्हणणं सोपं होतं. घडी केलेल्या खुर्च्या मागे दिसतच होत्या. वाक्य जिभेवर तयार होतं.

"कुणी आलंच नाही," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली. धीर दिला नाही, हळहळले नाहीत. अजून उंबऱ्याबाहेरच होते. छत्री दाराला टेकवली, खिशात हात घातला आणि मोजायची टेप बाहेर काढली.

"खोली तर गेली," म्हणाले. "पण माझ्या खोलीत खिडकीखाली सहा फूट दोन इंच जागा निघते. दोनदा मोजली. तुमची कॉट केवढी आहे?"